पट्टा ओरडत नव्हता

माझे नाव च्यो यू-थंग, वय तेवीस, धंदा मोटारींच्या वायरिंगचे काम, राहणार गांगवेई गाव, मासळीबाजाराच्या मागे, वू उस्तादांच्या गॅरेजच्या माडीवर. शिक्षण तंत्रशाळेच्या दुसऱ्या वर्षापर्यंत, पुढे सुटले. मी आज गांगवेई पोलीस चौकीत स्वतः हजर राहून, विचारल्यावरून सांगतो की,

हवालदार श्याओ यांनी माझा जबाब आधी स्वतः लिहायला घेतला होता. अल्टरनेटर, पुली, स्लो, रेस हे शब्द येऊ लागले तेव्हा त्यांनी पेन माझ्याकडे सरकवले आणि म्हणाले, "तूच लिही बाबा. मी लिहिलं तर साहेब मला विचारतील, आणि मी परत तुलाच विचारीन." म्हणून हा मजकूर माझ्या हस्ताक्षरात आहे. जिथे खोडले आहे तिथे मी बाजूला सही केली आहे.

श्री. यान श्वेइ-युआन यांना मी यान काका म्हणतो. ते गावातच राहतात. त्यांची दुधी माशांची (मिल्कफिशची) तळी होती, ती आता मुलगा पाहतो. काकांकडे निळा टेम्पो आहे. त्यावर कर्ण्यांची भिंत, रंगीत दिवे आणि पुढे आमच्या देवाचे, तिसऱ्या राजकुमाराचे, चित्र आहे. देवाच्या फेरीत हा टेम्पो पालखीच्या पुढे चालतो. त्याच्या गाण्यावर मोठे मुखवटे घातलेली पोरे नाचतात. माझे व काकांचे नाते नाही. वैरही नाही.

फेरीच्या दिवशी देवळाच्या दारात काकांच्या टेम्पोखाली त्यांची बायको हुआंग श्यो-चिन सापडली. मी त्यांना काकू म्हणतो. त्यांच्या कमरेचे हाड मोडले आहे. काकांनी मुद्दाम गाडी अंगावर घातली असा संशय आहे, हे मला चौकीत सांगण्यात आले. सकाळी काका "गाडीखाली घालतो" असे ओरडले ते शेजाऱ्यांनी ऐकले होते. धडक बसण्याआधी इंजिन रागाने गुरगुरत होते, असे यंदाचे मानकरी श्री. को यांनी लिहून दिले आहे. आणि काका स्वतःच म्हणत आहेत की मीच केले, काय लिहायचे ते लिहा, मला आत घाला. सकाळी मी तिथे होतो. गाडीतही मी काकांच्या शेजारच्या सीटवर होतो. म्हणून मला जे माहीत आहे ते सांगतो.

सकाळचे बोलणे असे झाले. मी टेम्पोची वायरिंग एकदा पाहून घ्यायला त्यांच्या अंगणात गेलो होतो. काकू उन्हाची टोपी बांधून, हातात उदबत्त्यांचा जुडगा घेऊन तयार होत्या. काकांच्या डाव्या गुडघ्याचे ऑपरेशन झाले तेव्हा काकूंनी नवस बोलला होता की गुडघा बरा झाला तर तीन वर्षे देवाच्या गाडीपुढे पायी चालीन. यंदा तिसरे वर्ष होते. काका म्हणाले, "इतक्या उन्हात चालून मरशील. गुडघा माझा आणि झिजवतेस तू." काकू म्हणाल्या, "देवाला शब्द मी दिलाय, तू नाही. तू आपला वेळेवर ब्रेक मार, म्हाताऱ्या माकडा." काका म्हणाले, "ये तर खरी पुढे, गाडीखालीच घालतो तुला!" काकू म्हणाल्या, "घाल की. जन्मात एकदा तरी तुझ्या गाडीचा उजेड माझ्या अंगावर पडेल." मग त्यांनी काकांच्या गुडघ्याची पट्टी सोडून परत नीट बांधली आणि त्यांच्या खिशात उकडलेली अंडी घातली. माझ्याही खिशात एक घातले. शेजाऱ्यांनी भिंतीपलीकडून मधले एकच वाक्य ऐकले असावे. त्या घरात रोज असेच बोलतात.

इंजिन का गुरगुरत होते ते आता सांगतो. हे थोडे लांब आहे.

गेल्या वर्षीच्या फेरीत टेम्पोचे दिवे वाटेतच मंदावले होते आणि गाणे अडखळत होते. म्हणून काकांनी यंदा मोठ्या अँपिअरचा अल्टरनेटर घेतला. अल्टरनेटर म्हणजे इंजिनाच्या पट्ट्यावर फिरून वीज करणारे यंत्र. तो मी बसवला, वू उस्तादांनी तपासला. त्याच्या अंगावर मोठा आकडा छापलेला असतो. तो आकडा इंजिन जोरात फिरते तेव्हाचा असतो. इंजिन स्लोवर, म्हणजे रेस न देता हळू फिरत, असताना तोच अल्टरनेटर त्याच्या अर्ध्याहून कमी देतो. हे मी काकांना बसवतानाच सांगितले होते. देवाची फेरी माणसाच्या चालीपेक्षाही हळू जाते, म्हणजे सबंध दिवस इंजिन स्लोवरच. तरीसुद्धा गॅरेजमध्ये सगळे दिवे आणि गाणे लावून स्लोवर पाहिले तेव्हा मीटरवर साडेतेराच्या वर व्होल्ट होते. म्हणजे पुरत होते. उस्ताद काकांना म्हणाले, "आता तुझा देव आंधळा नाही व्हायचा."

अल्टरनेटरबरोबर पट्टाही नवा घातला होता, आणि नवा पट्टा काही दिवस फिरला की थोडा सैल पडतो. तो परत ताणावा लागतो. मी काकांना सांगितले होते की एकदा गाडी परत आणा. काका फेरीच्या तयारीत होते, त्यांनी आणली नाही. मी फोन करायला हवा होता. मी केला नाही.

फेरीला निघालो तेव्हा काकू गाडीच्या पुढे होत्या, इतर नवसकरी बायका त्यांच्या मागेपुढे होत्या. पहिल्याच वळणावर दिवे पिवळे पडले आणि गाणे तुटू लागले. मागे मुखवटेवाली पोरे एक पाय वर धरून उभी राहिली. मीटर बाराच्या खाली गेला होता. मी खाली उतरून पाहिले. बॅटरीच्या खुंट्या घट्ट होत्या. अल्टरनेटरवर आणि बॅटरीवर मीटर लावून पाहिला, दोन्हीकडे आकडा सारखाच, म्हणजे जाड वायरीत कुठे गळती नव्हती. इंजिनापासून बॉडीपर्यंतची अर्थिंगही चांगली होती. मग राहिला पट्टा. पट्टा सैल असला की स्लोवर घसरतो, कारण तेव्हा अल्टरनेटर हळू फिरतो आणि वीज मात्र तेवढीच मागितलेली असते, म्हणून पट्ट्यावर सगळ्यात जास्त ओढ तेव्हाच येते. पण घसरणारा पट्टा ओरडतो. डुकराच्या पिलासारखा ओरडतो. मी काकांना विचारले, "पट्टा ओरडत होता का?" काका म्हणाले, "काल-परवा ओरडत होता, सकाळी गाडी चालू केली की. आज नाही. आज अगदी गप्प आहे. शहाणा झाला."

मला वाटले, पट्टा आपोआप बसला. असे क्वचित होते.

हाताने दाबून पाहिला असता तर कळले असते. पण त्यासाठी इंजिन बंद करावे लागते, आणि देव देवळातून निघाला की पुढची गाडी परत येईपर्यंत बंद करत नाहीत. फिरत्या पट्ट्याला हात लावता येत नाही. म्हणून मी ठरवले की दोष पुलीचा, म्हणजे पट्टा ज्यावर फिरतो त्या चाकाचा आहे, अल्टरनेटरची पुली लहान हवी होती म्हणजे तो स्लोवरही जोरात फिरला असता. हे माझे म्हणणे चुकीचे निघाले. त्या वेळी मी ते खात्रीने बोललो.

मी म्हणालो, "काका, आजच्यापुरते अर्धे दिवे बंद करू." तेवढ्यात मानकरी श्री. को आले. ते म्हणाले, "बंद? देवाच्या वाढदिवसाला अर्धा उजेड? तुझ्या लग्नात अर्धी नवरी चालेल का रे?" सगळे हसले. काकाही हसले. को साहेब चांगले गृहस्थ आहेत, त्यांनी फेरीसाठी खूप धावपळ केली होती. ते पुढे गेल्यावर काका मला म्हणाले, "तू आकडा सांग. मी रेस देतो."

तेव्हापासून असे चालले. गाडी थांबली की काका डाव्या पायाने क्लच दाबून धरत आणि उजव्याने रेस देत. मी मीटर मांडीवर धरून आकडा वाचत होतो. तो बाराच्या खाली गेला की मी "काका" म्हणायचो, ते रेस वाढवायचे, आकडा तेरावर जायचा, दिवे पांढरे व्हायचे, गाणे सरळ व्हायचे. रेस दिली की दिवे का सुधारतात हे मी त्यांना वाटेत समजावून सांगितले. ते म्हणाले, "म्हणजे माझ्यासारखाच आहे. ओरडलं की काम करतो." को साहेबांनी जो गुरगुराट ऐकला तो हा होता. तो सबंध दिवस चालू होता. देवळाच्या दाराशी तो मोठा वाटला कारण तिथे फटाके थांबले होते.

थांबलो की गाडी न्यूट्रलला घ्या, असे मी दोनदा म्हणालो. काकांनी काही वेळा घेतली. पण फेरी दर थोड्या पावलांवर थांबते नि चालते, तेव्हा ते पहिला गिअर तसाच ठेवून क्लचवरच धरायचे. डावा पाय तोच, ऑपरेशन झालेला. दुपारनंतर ते पाय हाताने चोळत होते. मी विचारले तर म्हणाले, "हिला सांगू नकोस. नवस फिटला नाही म्हणून चौथं वर्ष चालेल."

देवळाच्या दारात पालखी आत जायच्या आधी नवसकरी दाराकडे तोंड करून गुडघे टेकतात. पुढच्या सगळ्या बायका खाली वाकल्या. बसलेल्या बाईचे डोके टेम्पोच्या काचेतून दिसत नाही. गाडी थांबली होती, पहिल्या गिअरमध्ये, क्लच दाबलेला, रेस दिलेली. गाणे परत तुटायला लागले. मी "काका" म्हणालो आणि आकडा सांगितला. मी आकडा सांगितला म्हणून त्यांनी मान वळवून मीटरकडे पाहिले. त्याच वेळी त्यांचा डावा पाय घसरला. मी पायाकडे पाहत होतो असे नाही, पण त्यांचा गुडघा दाराच्या पत्र्यावर आपटल्याचा आवाज मी ऐकला. टेम्पोने एकच उडी मारली आणि इंजिन बंद पडले. अंतर एका माणसाच्या लांबीएवढे असेल. काकांनी काहीही ठरवून केले नाही. ते त्या वेळी रस्त्याकडे पाहतच नव्हते, ते माझ्या मांडीवरच्या मीटरकडे पाहत होते.

गाणे थांबले. खूप शांत झाले. मागे मोठे मुखवटे सगळे एकाच दिशेला वळून उभे राहिले.

काका दार उघडून खाली पडले, चालत गेले नाहीत. काकू बंपरच्या खाली कुशीवर होत्या, उदबत्त्या अजून हातात होत्या. त्या जे पहिले बोलल्या ते मी आणि तिथल्या किमान चार बायकांनी ऐकले. त्या म्हणाल्या, "अरे म्हाताऱ्या माकडा, पाय गेला का तुझा?" काकू परत म्हणाल्या, "बघा कुणीतरी त्याचा पाय बघा." माझी विनंती आहे की त्या चार बायकांनाही बोलावून विचारावे. त्यांची नावे मी वेगळ्या कागदावर देतो.

नंतर टेम्पो चौकीच्या आवारात आणला. हवालदार श्याओ यांच्या सांगण्यावरून मी व वू उस्तादांनी तो त्यांच्या समक्ष तपासला. पट्टा काढला. आतून तो आरशासारखा चकचकीत झाला होता. अल्टरनेटरच्या पुलीच्या खाचेत तेल होते. ते इंजिनाचे तेल नव्हते, रंग पिवळा होता. उस्तादांनी बोट लावून वास घेतला आणि माझ्याकडे पाहिले. हवालदारांनीही वास घेतला. ते म्हणाले, "या गाडीत कालवं तळली का रे कुणी?" ते शेंगदाण्याचे तेल होते. कोणत्याही गॅरेजमध्ये शेंगदाण्याचे तेल नसते.

ओरडणाऱ्या पट्ट्याला तेल लावले की तो गप्प होतो. लावणाऱ्याला वाटते की दुखणे गेले. खरे म्हणजे त्यानंतर तो जास्तच घसरतो, फक्त आवाज न करता. आम्ही पुली स्वच्छ पुसली, नवा पट्टा ताणून बसवला आणि सगळे दिवे व गाणे लावून गाडी स्लोवर ठेवली. मीटर पावणेचौदावर स्थिर राहिला. अल्टरनेटरमध्ये दोष नाही. पुलीही बरोबर आहे. जुना पट्टा हवालदारांनी पाकिटात घालून ठेवला आहे.

मी काकूंना भेटायला शहरातल्या इस्पितळात गेलो होतो. ऑपरेशन झाले आहे, त्या बोलतात. डॉक्टर म्हणाले की चालतील, वेळ लागेल. मी पेरू नेले होते. त्या आधी म्हणाल्या, "इतके महाग कशाला आणलेस, आपल्या बाजारात स्वस्त मिळतात." मग त्यांनी मला जवळ बोलावले आणि विचारले, "दिवसभर ओरडला नाही ना तो पट्टा?"

मी विचारले, "कोणता पट्टा?"

त्या म्हणाल्या, "अरे तोच, गाडीतला. आठवडाभर रोज सकाळी किंचाळायचा. देवाच्या दिवशी गाडीने असं रडावं, बरं दिसतं का? अपशकुन. म्हणून आदल्या दिवशी मी देव्हाऱ्यातल्या दिव्यातलं तेल घेतलं, साधं नाही, देवापुढचं, आणि कापसाने चांगलं सगळीकडून लावलं. तळ्यातल्या पाणी घुसळायच्या पंख्यांना नाही का आपण लावत? लगेच गप्प झाला. ह्याला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर म्हणाला असता, बायकांनी इंजिनाला हात लावू नये. ओरडला का रे?"

मी म्हणालो, "नाही काकू, ओरडला नाही."

त्या म्हणाल्या, "बघ." आणि डोळे मिटून पडल्या. मग तशाच पडल्यापडल्या म्हणाल्या, "तरी दिवे मंदावलेच म्हणे. ते तुमच्या मशिनीचं. मी माझं केलं होतं."

मी म्हणालो, "हो, ते मशिनीचं."

इस्पितळात मी जे बोललो ते पूर्ण खरे नव्हते. या कागदावर मात्र जसे आहे तसे लिहिले आहे, कारण इथे खोटे लिहिले तर काकांवरचा संशय जाणार नाही. रेस का द्यावी लागली हे तेलाशिवाय सांगता येत नाही. मी ते तेलाशिवाय लिहून पाहिले होते, पहिला कागद टेबलाखालच्या टोपलीत आहे. तो वाचणाऱ्याला वाटते की काका उगाचच रेस देत होते.

काका चौकीत सांगतात की मीच केले. त्यांना जास्त काही विचारले तर तेवढेच परत सांगतात. मी इतकेच सांगू शकतो की त्यांना काहीही माहीत नाही. पट्टा का गप्प होता हे त्यांना माहीत नाही.

माझी विनंती अशी आहे की वर इस्पितळातले जे लिहिले आहे ते काका व काकू या दोघांनाही वाचून दाखवू नये. साहेबांना, वकिलांना, ज्यांना वाचावे लागेल त्यांना वाचू द्यावे. हवालदार श्याओ यांनी माझ्या खांद्यावरून हे वाचून मला हळू आवाजात कारण विचारले. मी पेन खाली ठेवले. ते म्हणाले, "राहू दे. कळलं."

याशिवाय मला काही सांगायचे नाही. कुणाच्या दबावाखाली किंवा कुणाच्या सांगण्यावरून मी हे लिहिलेले नाही.

जबाब लिहून झाला की तो मोठ्याने वाचून दाखवायचा असतो, असे हवालदारांनी सांगितले, आणि त्यांनी कागद हातात घेतला. या खोलीला एकच बाक आहे. त्यावर मी सुरुवात केल्यापासून यान काका बसलेले आहेत, डावा पाय लांब करून. हवालदारांनी त्यांच्याकडे पाहिले, कागद परत माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाले, "तुझंच अक्षर आहे. मनातच वाच. मला चष्मा सापडत नाही." चष्मा त्यांच्या डोळ्यांवर होता.

मी सर्व पाने सुरुवातीपासून शेवटपर्यंत मनात वाचली. मधेच काकांनी विचारले, "पोरा, सगळं बरोबर लिहिलंस ना? माझी बाजू घेऊ नकोस हां."

मी त्यांना मोठ्याने सांगितले, आणि इथेही लिहितो, की बरोबर आहे.

सही,
च्यो यू-थंग

समक्ष,
हवालदार श्याओ, गांगवेई पोलीस चौकी